कुठे अख्खी, कुठे चतकोर

आमच्या रेडिओ केंद्राच्या भिंतीवर एक नकाशा आहे. त्यावरचं वर्तुळ मी काढलेलं. कंपासचं टोक केंद्र आहे त्या देवगाव फाट्यावर रोवून, बारा किलोमीटरचं. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या दिनकररावांनी काढलेलं वर्तुळ चुकत नसतं, असा माझा स्वतःबद्दल पक्का समज होता. निवृत्तीनंतर संस्थेने हे लहानसं एफएम केंद्र माझ्या गळ्यात मारलं, तेव्हापासून तुमचं केंद्र कुठवर ऐकू येतं असं कोणी विचारलं की मी तोंड उघडत नसे. नुसता नकाशाकडे हात करी.

कासाबाईंनाही मी तसाच हात केला. दिवाळी नुकतीच झाली होती. पन्नाशीची, काटक बाई. डोक्यावरून पदर, पायात जाड वहाणा, कमरेला खोचलेला छोटा रेडिओ. चारठाण्याच्या वरच्या अंगाला मेंढरं घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांपैकी. नकाशाकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही.

“गुरुजी, चार वर्सामागं वैशाखात तुमी ईज पडायची बातमी सांगितली व्हती का?”

सांगितली होती. मीच वाचली होती. विजांचा इशारा आला की दुपारी दोनला आम्ही तो वाचतो. ढग कोणत्या बाजूने येतोय, कोणत्या शिवारात थांबू नये, अगदी नावं घेऊन. त्या दिवशीचा कागदही मी फायलीतून काढून पुढे ठेवला. मला वाटलं, बाई आभार मानायला आलीय.

“त्या दिशी माझा ल्योक बिरदेव पळसखोऱ्यात व्हता,” त्या म्हणाल्या. “एकोणीस वर्साचा. रेडिओ गळ्यातच व्हता त्येच्या. खरखर सोडून काई आलं न्हाई. इजेनं न्येला त्येला.”

मला कसंसंच झालं. पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं तरी हार मानवत नाही. मी म्हणालो, पळसखोरं वर्तुळाच्या आत येतं, रेडिओतच काही बिघाड असेल. त्या चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. “मंग मी हिंडून बघते,” म्हणाल्या. “कुठं यायलंय, कुठं न्हाई, समदं घिऊन येते. मंग बोला.”

आमच्याकडे निकिता नावाची मुलगी आहे. निवेदन तीच करते, यंत्रं तीच बघते, चहाही बहुतेक वेळा तीच करते आणि त्याबद्दल मला रोज ऐकवते. तिने कासाबाईंना एक वही दिली आणि आवाजाला एक ते पाच गुण कसे द्यायचे ते सांगू लागली. कासाबाईंनी ऐकून घेतलं आणि वही मांडीवर ठेवली.

“हे गुणाबिणाचं मला न्हाई जमायचं, बाई. शेळी वरडली तरी बोलणं समजतंय, तर अख्खी भाकर. शेळी गप असली तरच समजतंय, तर अर्धी. कान लावून चार शब्दातला एक कळतोय, तर चतकोर. नुसती खरखर, तर उपाशी.”

निकिताने माझ्याकडे पाहिलं. मी नोकरीत असतो तर ही व्याख्या फळ्यावर लिहिली असती, पण तसं बोलून दाखवलं नाही.

मग कासाबाई हिंडल्या. बिऱ्हाड घोड्यावर, मेंढरं पुढे आणि त्या मागून. पौष गेला, माघ गेला. प्रत्येक मुक्कामाला, प्रत्येक वळणावर त्या तीन केंद्रं लावून बघत: लांबच्या शहरांतली दोन मोठी आणि आमचं. वहीत तीन खुणा काढत. अख्खा गोल, अर्धा गोल, पाव गोल, नाहीतर आडवी रेघ. लिहिता येत नव्हतं, पण वाट पाठ होती. पंधरा दिवसांनी येऊन पानं उलटत त्या जागा सांगायच्या आणि निकिता नावं भरायची. मोठी केंद्रं बहुतेक सगळीकडे अख्खी. आमचं मात्र कुठे अख्खी, अर्ध्या कोसावर चतकोर, चढ ओलांडला की उपाशी. सत्तेचाळीस जागा झाल्या. निकिताने त्या माझ्या नकाशावर रंगवल्या आणि माझं गोल गरगरीत वर्तुळ उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखं दिसायला लागलं.

“त्या मोठ्यांचंच ऐका की मग,” मी एकदा वैतागून म्हणालो.

“त्येंचं लय झ्याक यायलंय,” त्या म्हणाल्या. “पर पळसखोऱ्यावर ढग आलाय हे त्येनला कुठून मालूम? ते तुमीच सांगणार.”

फाल्गुनात संस्थेची बैठक झाली. खांब उंच करायला आणि एक नवं एरियल बसवायला मदत मंजूर झाली होती. हे एरियल एकाच अंगाला जोर लावतं. बाकीकडे आहे तेवढंच राहतं. वहीप्रमाणे पळसखोरं उपाशी होतं. रस्त्यापलीकडचा कोल्हदरा अर्धी. उन्हाळ्यात पाणी टिकतं म्हणून मेंढरांची बिऱ्हाडं याच दोन ठिकाणी उतरतात. त्यामुळे वाद फारसा झालाच नाही. एरियलचं तोंड पळसखोऱ्याकडे, असं ठरलं. चैत्रात मिस्त्री येणार होता. कासाबाईंची लेक शालू आणि जावई या उन्हाळ्यात पळसखोऱ्यातच मेंढरं चारणार होते. ठराव ऐकून कासाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि त्या मेंढरांकडे परतल्या. मला त्यांच्यासाठी मनापासून आनंद झाला.

मिस्त्री यायला नऊ दिवस असताना त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या. चेहरा उतरलेला.

“गुरुजी, वही खोटी हाय.”

झालं होतं असं. बिऱ्हाड हलवताना घोड्याच्या पाठीवर लोखंडी बाज उलटी बांधतात, तिच्यात भांडी, कोंबड्या, कोकरं. वाटेने चालताना कासाबाई रेडिओ त्या बाजेच्या पायाला अडकवत. दोन दिवसांमागे रेडिओ छान बोलत होता, मुक्कामाला बाज उतरवली आणि आवाज गेला. पुन्हा अडकवला, पुन्हा आला. त्या लोखंडानेच एरियलचं काम केलं होतं. इतकी वर्षं पोरांना हेच शिकवून मला ते एकदाही विचारावंसं वाटलं नाही, याची मला लाज वाटली.

“मंग मला याद आलं,” त्या म्हणाल्या. “पळसखोऱ्यात आमी मुक्काम केला व्हता. तिथं रेडिओ हातात धरून बघितला. कोल्हदऱ्यात उतरलोच न्हाई. भरल्या घोड्यानिशी तसंच पार झालो. तिथली अर्धी, ती बाजेची हाय.”

“उतरला का नाहीत?” निकिताने विचारलं.

“तिथं धोंडीबा ऱ्हातो. माझा चुलत दीर. पाण्याच्या पाळीवरनं भांडाण झालं, त्येला सा वर्सं झाली. बोलणं न्हाई, येणंजाणं न्हाई.”

मी म्हणालो, ठराव झालाय, आता राहू द्या. हे मी चांगल्या मनाने म्हणालो होतो की दुसरी बैठक बोलवायचा कंटाळा होता म्हणून, ते आजही मला नक्की सांगता येत नाही. कासाबाईंनी निकिताकडून नवी वही मागून घेतली.

आठ दिवसांत त्यांनी सत्तेचाळीस जागा परत बघितल्या. घोडं नाही, बाज नाही, रेडिओ हातात. उन्हं चढली होती. एक दिवस मीही गेलो, कोल्हदऱ्याला. दमलो, चिडलो, दोनदा बसलो. त्या एकदाही बसल्या नाहीत. धोंडीबाचा तळ लांबून दिसत होता. त्यांनी तिकडे मान वळवली नाही, पण दऱ्यात पाच जागी उभ्या राहिल्या आणि वहीत पाच आडव्या रेघा ओढल्या. सगळीकडे उपाशी. आणि पळसखोऱ्यात, अगदी तोंडाशी, एका सपाट खडकाजवळ, आधीच्या फेरीत न बघितलेल्या जागी चतकोर मिळाली.

खांबाखाली मिस्त्रीने विचारलं, “तोंड कुठल्या बाजूला करू?”

सगळ्यांनी कासाबाईंकडे पाहिलं. नवी वही निकिताच्या हातात होती. त्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी त्यांनी पळसखोरं म्हटलं असतं तर कोणीही अडवलं नसतं.

“कोल्हदऱ्याकडं,” त्या म्हणाल्या. “तिथं कायबी न्हाई.”

“आणि शालूला कोण सांगणार?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“मी हाय की. खडकापाशी मला चतकोर मिळतीय. दुपारची मी तिथं बसत जाईन, ऐकलं की हाक मारीन. खोऱ्यात माझी हाक अख्खी जाती.”

तेव्हापासून निकिता विजांचा इशारा तीनदा वाचते, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. चार शब्दांतला एक ऐकू येणाऱ्या बाईला तिन्ही वेळचं जुळवून पूर्ण वाक्य मिळावं म्हणून. हे तिला मी सांगितलेलं नाही.

वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यात इशारा आला. पळसखोरं आणि कोल्हदरा, दोन्ही नावं होती. निकिताने तीनदा वाचलं आणि मग आम्ही दोघं खिडकीशी जाऊन आभाळ बघत राहिलो. साडेतीनला आभाळ काळं झालं, विजा लागोपाठ पडल्या. खोऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे विचारायचं कुणाला? संध्याकाळी चारठाण्याहून जावयाचा फोन आला. कासाबाईंच्या हाकेवर शालू आणि मेंढरं वेळेत बाहेर आली होती, सगळे नीट होते. कोल्हदऱ्याचं त्याला माहीत नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारा केंद्रात आला. लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. म्हणाला, मी कोल्हदऱ्याचा धोंडीबा. त्याच्या तळाजवळच्या बाभळीवर काल वीज पडली होती. त्या बाभळीखाली त्याचे दोन नातू रोज दुपारी झोपतात. काल कित्येक दिवसांनी त्याने आमचं केंद्र लावून पाहिलं तर ते स्वच्छ बोललं, म्हणून त्याने पोरांना उठवून झाडापासून लांब, सखलात नेलं होतं.

“आजवर आमच्याकडं कदी आलं न्हाई हे,” तो म्हणाला. “आता कसं यायलंय? कुणी केलं?”

मी त्याला सगळं सांगितलं. वही, बाज, आठ दिवस, आणि खांबाखाली कासाबाई जे म्हणाल्या तेही. तो खाली बसला.

“वैनीच्या बिरदेवाच्या मातीला मी गेलो न्हाई, गुरुजी.”

निकिताने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. धोंडीबा उठला, घोंगडी सारखी केली आणि विचारलं, “आता ह्या टायमाला कुठं असती ती?”

मी घड्याळ पाहिलं. दोनला पाच कमी होते. “पळसखोऱ्याच्या तोंडाशी,” मी म्हणालो. “खडकापाशी बसलेल्या असतील.”

तो रस्त्यावर गेला आणि पळसखोऱ्याच्या वाटेने चारठाण्याकडे जाणाऱ्या जीपला त्याने हात केला.