हँडल माझ्याकडे आहे

उतार दिसला की गाडी तिथेच उभी करायची आणि मागच्या चाकाला नेहमीची वीट लावायची. उतरल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, नाहीतर उलटा झटका बसून मनगट जातं. काच कापायची तर आधी फुंकर, मग पट्टी, मग हिरकणीची एकच रेघ, एका दमात. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आणि रेघेवरून दुसऱ्यांदा हिरकणी फिरवायची नाही. फिरवली की काच मनाला येईल तिकडे फुटते.

काचवाल्या काकांच्या या सवयी काकूंना तोंडपाठ होत्या. गल्ली त्यांना हँडलकाका म्हणे. त्यांना ते आवडायचं, पण कपाळाला आठी घालायची रीत त्यांनी सोडली नाही.

गाडी काकूंच्या सासऱ्यांची. काळी, उंच, मोटारीपेक्षा घोडागाडीच्या जवळच्या नात्यातली. सासरे गेल्यावर ती शेडमध्ये पडून राहिली आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. नाव काका आणि त्यांचा धाकटा भाऊ अशा दोघांचं लागलेलं. धाकटा म्हणाला, भंगारात टाक. काकांनी दर सुट्टीला खपून ती उभी केली आणि सरळ कामाला जुंपली. मागे रजया अंथरून खिडक्यांच्या काचा न्यायच्या, येताना भाजी, औषधं, वाण्याचं सामान आणायचं. लोक रस्त्यात थांबून फोटो काढायचे. काका डोकं बाहेर काढून म्हणायचे, "आटपा लवकर, पालेभाजी सुकतेय."

मग काकूंची डावी बाजू गेली.

हॉस्पिटलातून घरी आणताना पहिल्यांदा टॅक्सी केली होती. टॅक्सीचं दार ठेंगणं, सीट त्याहून ठेंगणी. काकूंना दोघांनी धरून वाकवून आत कोंबलं. एकाचा हात कुठे लागला ते काकू कधी कुणाला बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्या वेळी काकांनी जुनी गाडी फुटपाथला अशी चिकटवली की मध्ये पायाचं बोटही मावू नये. तिचं दार मागच्या बाजूला उघडायचं. काकूंनी पाठ वळवली, उजव्या हाताने दाराचा खांब धरला आणि बसल्या. वाकावं लागलं नाही. कुणी हात लावला नाही. सीट त्यांच्या कमरेच्या उंचीची होती, जणू बनवणाऱ्याने त्यांचंच माप घेतलं होतं. काका हँडल मारायला पुढे गेले ते जरा जास्तच वेळ वाकून राहिले.

त्यानंतर काकू रोज बाहेर पडू लागल्या. काचा पोचवायला, भाजीला, व्यायामाच्या बाईंकडे. काचेच्या बाजूला बसून म्हणायच्या, "सांभाळून हो, आत दोन नाजूक सामानं आहेत."

धाकट्याने हॉटेल बांधलं तेव्हा त्याला वडिलांची आठवण आली. तो घरी आला, गाडीभोवती फिरला, मागच्या सीटवरची कोबीची पानं उचलून त्याने बाहेर टाकली.

"दादा, हा आपला वारसा आहे. वारशातून कुणी भाजी आणतं का?"

"मग काय आणतात?"

धाकटा हसला. उद्घाटनापुरती दे, म्हणाला. काकूंच्या आजारपणात तो हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिला होता, हे काका विसरले नव्हते. शिवाय अर्धी गाडी त्याची. काका हो म्हणाले.

गाडी न्यायला ट्रक आला. चालवत नेली असती की, असं काकू म्हणाल्या. काकांनी हँडल जुन्या टॉवेलात गुंडाळून पलंगाखाली ठेवलं होतं. टॉवेलावर थाप मारून ते म्हणाले, "हँडल माझ्याकडे आहे. त्याच्याशिवाय ती ढिम्म हलत नाही. अडलं की मलाच बोलावतील."

कुणी बोलावलं नाही. आलं ते उद्घाटनाचं आमंत्रण. काकांनी पिशवीत हँडल घेतलं, येताना गाडीतूनच यायचं म्हणून. जाताना टॅक्सी करावी लागली. पुन्हा तेच वाकवणं, तेच कोंबणं. काकू सोसून बसल्या. एकाच वेळेचं तर आहे.

गाडी हॉटेलच्या दिवाणखान्यात चौथऱ्यावर होती. भोवती लाल दोर. इतकी चकाकत होती की काकूंना आधी ओळखूच आली नाही. काका दोराखालून आत गेले. बॉनेटवर हात ठेवला. मग बॉनेट उचललं. आत काहीच नव्हतं, चौथऱ्याची फरशी दिसत होती. ते दारापाशी गेले आणि मूठ ओढली. दार हललं नाही. फटीतून वेल्डिंगची रेघ गेली होती, वर रंग दिलेला.

धाकटा लगबगीने आला. इंजिनाचं वजन चौथऱ्याला झेपेना, तेलही गळायचं, असं त्याने समजावलं. इंजिन काय, ठेवलंय कुठेतरी. आणि दार बंद केलं नाही तर पोरं आत बसून सीटची वाट लावतात. पाहुणे बघत होते. त्याने दादांच्या खांद्यावर हात ठेवून हसून दाखवलं.

काकांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं. "हिला घरी कशी नेऊ?" त्यांनी विचारलं.

"एवढंच ना? माझी गाडी देतो, ड्रायव्हरसकट."

ती गाडी टॅक्सीहून ठेंगणी होती.

घरी आल्यावर काकू म्हणाल्या, आता मला कुठे न्यायचं नाही. काकांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना खिडकीशी खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या डोळ्यांची उंची भिंतीवर खडूने आखली. खिडकी बरीच वर होती, बसल्या जागी फक्त आभाळ दिसायचं. गवंडी बोलावून त्यांनी खालची भिंत फोडून घेतली, नवी चौकट बसवली. वारा येऊ नये म्हणून तात्पुरता पुठ्ठा लावला. रस्ता तुझ्या मांडीशी आणून ठेवतो, म्हणाले. अख्खी, विनाजोड काच आणली आणि बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर आडवी टाकली.

त्या सकाळी काकूंनी फुंकर ऐकली. पट्टी ठेवल्याचा आवाज ऐकला. सवयीने श्वास धरला. हिरकणी काचेवरून निघाली, करकरत, सरळ, आणि मध्येच थांबली.

ती मध्ये कधीच थांबत नसे. काकूंना बघावं लागलं नाही.

धाकटा आला आणि खूप रडला. सगळ्यांना सांगत होता, दादांचा गाडीवर जीव होता. काकूंनी पलंगाखालचा टॉवेल काढायला सांगितला आणि हँडल त्याच्या हातात दिलं.

"घेऊन जा. लावून बघ," त्या म्हणाल्या.

त्याने खाली बघितलं. मग खिडकीची काच आजच बसवून देतो, म्हणाला. एका काचवाल्याला घेऊनही आला. त्या माणसाने टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं, रेघ संपली तिथपर्यंत, आणि हात मागे घेतला. दुसऱ्याच्या रेघेवरून हिरकणी चालवत नाहीत, म्हणाला. नवी काच आणू का, असं त्याने विचारलं. काकूंनी मान हलवली, नको.

चौकटीला अजून पुठ्ठाच आहे. काच टेबलावर आहे, एका कडेपासून निम्म्यापर्यंत रेघ मारलेली.