मामांची खोट्याची शिकवणी

खोटं बोलायला शिकवणी लावावी लागलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला मामा निघाला. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला, डोंगरावर मोजकी घरं आहेत. तिथे मामा आणि मामांच्या म्हशी राहत. मामी पहाटे दुधात तांब्याभर पाणी घालायच्या आणि मामा खाली डेअरीवर किटली टेकवतानाच जाहीर करायचे, "आज हिनं पानी घातलंय, ते धरून चाला." मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा सगळं गणगोत तिचे गुण गात होतं. मामा कोपऱ्यातून म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, पन सकाळची लवकर उठत नाय." मी हसण्यावारी नेलं आणि लग्न केलं. मामांचं म्हणणं आजतागायत खरं आहे.

या खोडीनेच शेवटी घात केला. शेतात गुरं शिरली म्हणून भांडण झालं, धाकट्या मामांनी रागाच्या भरात काठी घातली आणि समोरचा माणूस दगावला. थोरले मामा तिथेच उभे होते. अख्ख्या वाडीने त्यांना बजावलं, गुरांमागे रानात होतो म्हणून सांगा. कोर्टात मामा उभे राहिले आणि म्हणाले, "मारली. मी बघितलं." धाकटे मामा मुंबईकडच्या मोठ्या तुरुंगात गेले. मामा घरी आले, आडवे झाले आणि चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी उठून भावाच्या गोठ्यातलं शेण काढायला लागले. तेव्हापासून भावाची शेती, गुरं, बायको, लहान मुलगी, सगळं त्यांनीच पाहिलं.

आणि दर महिन्याला तुरुंगात भावाच्या मुलाखतीला जायचं. ही तयारी म्हणजे लग्नाच्या वर होती, आणि तिचा निम्मा भार माझ्यावर, कारण महाडच्या एसटी स्टँडजवळ माझं चष्म्याचं दुकान. मामा आदल्या दिवशी घाट उतरून यायचे आणि आधी जवळच्या सव गावी जाऊन गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळ करायचे. "तितं सायेब लोक असतात, म्हशीचा वास नको." मग माझ्या घरी गाठोडं सुटायचं : नाचणीच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, कुळथाचं पीठ. यातलं काहीही आत घेत नाहीत, हे त्यांना पहिल्याच खेपेला कळलं होतं. "नाय घेतलं तर बाहेरची मान्सं खातील. तीपन कोनाची तरी हायत," म्हणायचे. रात्रभर त्यांच्या घोरण्याने घर जागं. सकाळी रिक्षाने वीर स्टेशन, तिथून गाडी, पुढे बदलून आणखी गाडी, मग तुरुंगाच्या भिंतीच्या कडेने उन्हात रांग. आणि इतकं करून आतून शिपाई निरोप आणायचा, "येत नाही म्हणतो. मला भाऊ नाही म्हणतो." मामा मान हलवायचे. अशा तीन खेपा झाल्या. मी अगदी मेटाकुटीला आलो.

मग मामींनीच तोडगा काढला : पोलिसांनी दमदाटी केली म्हणून तसं बोललो, असं भावाला सांगायचं. एवढं एकच वाक्य. ते पढवायचं काम माझ्याकडे आलं. दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासून घेतंय आणि बाजूच्या स्टुलावर मामा घोकताहेत.

"पोलिसांनी मला..."

"दमदाटी केली."

"पन चाय पाजली ना तेंनी. बिस्कुटपन दिलं."

"मामा, ते सांगायचं नाही!"

"बरं. पोलिसांनी मला दमदाटी केली, चाय पाजून."

चौथ्या खेपेला मी शहाणपणा केला. मामांवर न सोपवता तेच वाक्य शिपायामार्फत आत पाठवलं. आणि धाकटे मामा आले. वाळले होते. जाळीपलीकडे उभे राहून थोरल्याकडे बघत राहिले. मी मामांना कोपराने ढोसलं. मामा म्हणाले, "जावयांनी निरोप धाडला तो खोटा हाय रे. कोनी दम दिला नाय. बघितलं तेच बोललो."

सगळं मुसळ केरात. धाकटे मामा वळले, दोन पावलं गेलेसुद्धा. मग थांबले आणि परत आले.

"बायको येते ती सांगते, पोरगी रोज आठवन काढते. मला खरं वाटत नाय. तू सांग."

निदान इथे तरी एक शब्द गोड बोला हो, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. मामांनी नीट विचार केला.

"रोज नाय काढत. खेळात असली की इसरते. पन जेवताना आयशीला तुजं पान मांडायला लावते. नाय मांडलं तर जेवत नाय."

धाकट्या मामांनी जाळीला कपाळ टेकलं आणि ते ढसाढसा रडले. मामा जाळीतून बोटं घालू पाहत होते, ती जात नव्हती. शिपायाने वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा धाकटे मामा नाक पुसत म्हणाले, "पुढच्या म्हयन्यात ये. येशील ना?"

"आजारी नसलो तर येन," मामा म्हणाले.

पुढे ते जात राहिले आणि भाऊ जाळीपाशी येत राहिला. मीही जात होतो. कुरकुर करायचं मात्र माझं बंद झालं. मग एका पावसाळ्यात मामा खरोखरच आजारी पडले आणि उठले नाहीत. धाकटे मामा सुटले ते त्यानंतर दोन वर्षांनी. त्यांना घ्यायला वीरला मी एकटाच गेलो होतो. गाडीतून उतरून त्यांनी फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर टाकली. मामा गेल्याचं त्यांना कळवलेलं होतं, तरीही टाकली. मग मी उचललेली त्यांची पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "चला."