सरळ बघणारे बारा बँडवाले

चाळीस वर्षं चष्मे घडवलेल्या माणसाचा हात नाजूक असतो आणि त्याला त्याचा थोडा माजही असतो. या निवृत्त चष्मेवाल्यांकडे शिशाचे साडेचारशे शिपाई होते. जुन्या धर्तीचे, लाल-निळ्या ऑइलपेंटचे, वरून व्हार्निश मारून चकचकीत केलेले. वाचनालयाने त्यांचं प्रदर्शन मांडायचं ठरवलं, तेव्हा वहिनी आपणहून एक खोका घेऊन आल्या.

थोरल्या भावाची ही बायको लग्नाआधी खेळण्यांच्या कारखान्यात रंगकामाला होती. खोक्यात बारा बँडवाले होते. कारखाना बंद होताना वहिनींनी स्वतः रंगवलेले एवढेच काय ते घरी आणले होते.

"बघा भाऊजी, तुमच्या सरदारांच्या पंगतीत बसत असतील तर. नाहीतर ठेवा कोपऱ्यात, वाजवतील आपले."

रंगाचे टवके उडाले होते. शिवाय बाराही जणांची नजर किंचित डावीकडे वळलेली. चष्मेवाल्यांना तिरळेपणा खपत नसे. कोणाला न विचारता त्यांनी सगळ्यांना थिनरमध्ये बुडवलं, टूथब्रशने घासून शिसं उघडं केलं आणि चार दिवस बसून नव्याने रंगवलं. डोळे अगदी सरळ. वहिनी खूश होतील, असं ते स्वतःला सांगत होते. जुन्या रंगाला हात लावायचा नाही, हा या छंदातला पहिला धडा. स्वतःच्या साडेचारशेपैकी एकालाही त्यांनी कधी ब्रश लावला नव्हता.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी सकाळी वहिनी आल्या. प्रत्येक कपाटाच्या काचेला नाक लावून फिरल्या.

"माझे कुठेत?"

"हे काय, समोर."

"म्हातारीची थट्टा करता होय? आम्ही सहा जणी एका टेबलाला बसायचो. कोणता शिपाई कोणाचा, ते मुकादम नुसत्या डोळ्यांवरून सांगायचा. माझे डावीकडे बघायचे. त्या बाजूला खिडकी होती ना, माझंही अर्धं लक्ष तिकडेच."

"मग... मागच्या खोलीत राहिले असतील. अजून लावायचेत."

"आणा की. मी बसते इथे."

पर्स मांडीवर घेऊन त्या खुर्चीत बसल्या. चष्मेवाले मागच्या खोलीत गेले, शिडी आणि झाडूंच्या मधे पाच मिनिटं उभे राहिले आणि रिकाम्या हातांनी परत आले.

"वहिनी, तेच आहेत ते. मी जुना रंग काढला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा."

वहिनी उठून पुन्हा काचेपाशी गेल्या. या वेळी फार वेळ लागला नाही.

"विचारलं असतंत तर मीच रंगवून दिले असते. हात अजून थरथरत नाही माझा."

"घरी आणून देतो संध्याकाळी."

"मी काय करू त्यांचं? तुमचे आहेत ते आता. काम स्वच्छ आहे. राहू द्या."

पर्स खांद्याला लावून त्या दाराकडे निघाल्या. तेवढ्यात ग्रंथपाल आले, बँडच्या कपाटापुढे थांबले.

"वा, सगळ्यात झकास हेच जमलंय. कोणी रंगवले?"

"मीच," चष्मेवाले सवयीने म्हणून गेले.

वहिनी अजून दारातच होत्या, पायातली चप्पल नीट करत.