पुरणपोळीसारखी झोप

सकाळी गॅलरीत आल्या आल्या काकू दोन्ही हातांनी हवेतली न दिसणारी पोळी कुस्करायच्या. म्हणजे आम्ही समजायचं, रात्री झोप सारखी मोडली.

"चिवडा गं, नुसता चिवडा!"

समोरच्या गॅलरीत तोंडात ब्रश धरून मी मान हलवायची. कधी त्या बोटाने हवेत भोकं पाडायच्या. ते थालीपीठ. म्हणजे झोप एकसंध, पण मधून मधून जाग. आणि तिसरा प्रकार पुरणपोळी. काठापर्यंत भरलेली, कुठे म्हणून फाटलेली नाही. ती मात्र आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमध्ये कुणी पाहिली नव्हती, खुद्द काकूंनीही नाही.

तुमच्या ओळखीतही असं कुणी असेल बघा, जे "बरं आहे ना?" ऐवजी "झोप लागली का?" असं विचारतं. काकूंची ही सवय जुनी होती. काका आरेच्या डेअरीत कामाला होते आणि उजाडायच्या आत निघायचे. वेळ चुकेल या धास्तीने काकू सारख्या उठून घड्याळ बघायच्या. काका निवृत्त झाले, मग गेलेही. उठणं तेवढं मागे राहिलं. मुलगी मुलुंडला, काकू इथे एकट्या.

एकट्या म्हणून बिचाऱ्या वगैरे समजू नका हं! पन्नाशी उलटल्यावर ही बाई स्कूटर शिकली. लाल रंगाची, पुढे भाजीची पिशवी, मागे आमच्यापैकी कुणीतरी. "बस गं, आरेतून एक चक्कर मारून येऊ," म्हणायच्या आणि झाडांखालच्या त्या रस्त्यावर मोठमोठ्याने गायच्या. सूर भयंकर, पण मला त्यांच्या मागे बसायला फार आवडायचं.

आणि एके दिवशी नाक्यावरच्या सिग्नलला काकूंचा डोळा लागला. चालू गाडीवर! गाडी हळूच पुढे सरकली आणि शहाळेवाल्याच्या हातगाडीला टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण शहाळी रस्ताभर घरंगळली. "लोकांच्या झोपेचं खोबरं होतं, माझ्या झोपेने शहाळी सांडली," काकू हसत सांगत होत्या. मुलगी हसली नाही. तिने स्कूटरची चावी पर्समध्ये टाकली.

"आई, आधी नीट झोप. मग गाडी."

त्या दिवशी काकू पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या. मला अजिबात बघवलं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी गॅलरीतून घोषणा झाली. "पुरणपोळी झोप लागली ना, की सगळ्या विंगला पुरणपोळ्या! साजूक तुपासकट!"

मग काय विचारता! अख्खी विंग कामाला लागली. कुणी जायफळ घातलेलं दूध पाठवलं, कुणी तळपायाला तेल चोळायला काशाची वाटी दिली. संध्याकाळनंतर काकूंनी चहा सोडला. काकूंनी, चहा! रोज सकाळी गॅलऱ्यांमध्ये गर्दी व्हायची, क्रिकेटचा निकाल असावा तशी.

"काय आज?"

"चिवडा!"

"अरे यार!"

रविवारी मुलगी आली. आम्ही सगळे काकूंकडे पोह्यांच्या बशा घेऊन बसलो होतो. तिने विचारलं, "आई, जाग आली की तू करतेस तरी काय?"

"करणार काय? मिस्ड कॉल देते. खालच्या मजल्यावरच्याला एअरपोर्टची ड्युटी असते. हिला लॅबची बस असते. शेजारणीला पोरांचे डबे."

आमच्या माना पोह्यांत. 'काकू, तुम्ही तशाही जाग्याच असता, जरा आम्हालाही उठवा ना', हे प्रत्येकाने आपापलं सांगून ठेवलेलं होतं. आणि झोप लागावी म्हणून जायफळाचं दूधही आम्हीच पाठवत होतो.

"म्हणजे जागं राहायची नोकरीच दिलीत की तिला!" मुलगी कडाडली. "आजपासून हे बंद. सगळ्यांनी आपापले गजर लावा."

काकूंना राग आला तो आमचा नाही, तिचा. "मग मी उठून करू काय?"

"उठायचंच नाही गं आई!"

आम्ही गजर लावले. पण पुढचे दोन दिवसही काकूंचे फोन आलेच. "जाग आलीच होती, म्हटलं देऊन टाकू." त्यामुळे गजर वाजला की आम्ही बिनधास्त गप्प करायचो. काकू आहेत ना!

तिसऱ्या दिवशी मी डोळे उघडले तर भिंतीवर ऊन. वाट लागली! लॅबची बस केव्हाच गेलेली. खाली एअरपोर्टवाला एका पायात बूट घालून जिन्यात धावतोय, शेजारणीची पोरं गणवेश शोधतायत, सगळीकडे एकच गोंधळ. मी गॅलरीत आले आणि समोर बघितलं. काकूंची गॅलरी बंद होती.

धावत गेलो. दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. एअरपोर्टवाल्याने हातातला दुसरा बूट दारावर आपटला.

कडी वाजली.

दारात काकू. केस विस्कटलेले, गालावर उशीच्या अभ्र्याची नक्षी उमटलेली.

"काय रे? आग लागली की काय?"

काकूंनी आमच्या तोंडांकडे पाहिलं, माझ्यामागच्या उन्हाकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. मग त्यांनी हवेत सावकाश एक भलामोठा गोल काढला.

"पुरणपोळी?" मी विचारलं.

"पुरणपोळी!"

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! सगळ्यांना उशीर झालेला आणि सगळे टाळ्या वाजवतायत. मी तर रडलेच. संध्याकाळी पुरण वाटायला विंगमधल्या सगळ्या बायका होत्या. मुलीने चावी मात्र लगेच दिली नाही. "एका पोळीने नाही. घाणा पडू दे," म्हणाली. पडला घाणा, हळूहळू. लाल स्कूटर परत आरेत गेली. मागे मी होते, सूर अजूनही भयंकर होता.

आता काकू मुलुंडला असतात. मुलीला बाळ झालं, तेव्हा तिनेच बोलावून घेतलं. स्कूटर स्वतः चालवत गेल्या. समोरची गॅलरी बंद असते आणि ब्रश करताना मला कुठे बघावं ते कळत नाही.

पण कधी कधी पहाटे फोन एकदाच वाजतो आणि थांबतो. बाळ उठलेलं असतं, म्हणून काकू उठलेल्या असतात, आणि उठल्याच आहेत तर माझी बस त्यांना आठवते. कितीदा सांगितलं, नका करू. ऐकतील तर काकू कसल्या! मी उठते, त्यांच्या झोपेची हळहळ करते आणि बस पकडते.

आज फोन आला नाही. गजर मी झोपेतच गप्प केला. बस गेली, रिक्षा मिळेना, सँडलचा पट्टा तुटला, आणि भर नाक्यावर लोक बघत असताना मी दोन्ही हातांनी हवेत एक मोठा गोल काढला.