अकराव्या खुणेवरची कडी

कपातल्या फेसाची जाडी आज जेमतेम एक मिलिमीटर आहे, आणि विसाव्या सेकंदाला त्यात मधोमध काळं भोक पडतं. कॉफी आंबट आहे. मी कप खाली ठेवते. पौषातलं दुपारचं ऊन पायांवर आलंय, मांडीवर हातचक्की तशीच आहे. डोळे मिटतात.

"कप किती सेकंदांत भरला?" अच्युत विचारतो.

माझा नवरा जाऊन दहा महिने झालेत. तो ओट्यापाशी उभा आहे. चिखलदऱ्याच्या पलीकडल्या आमच्या या घरात वीज नाही. पाणी चुलीवर तापतं आणि एस्प्रेसोच्या यंत्राचा दांडा हाताने दाबावा लागतो. तो होता तोवर तो त्याचाच हात असायचा.

"चौदा," मी सांगते.

"तीस हवेत."

"चक्कीची दळणाची कडी अकराव्या खुणेवरच आहे. तू ठेवलीस तशी."

"आणि बिया?"

"तू भाजलेल्या. शेवटच्या डब्यातल्या."

"इतक्या शिळ्या? त्यांतला वायू कधीच उडून गेला. अगं, तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंस ना?"

ओटा आता कॉलेजच्या प्रयोगशाळेतला आहे. अच्युत बावीस वर्षांचा, ॲप्रनला आम्लाने पडलेलं भोक. नळाशेजारी आमची चूल पेटलेली.

"पाणी इथल्या उंचीवर शहाण्णव अंशांनाच उकळतंय," मी म्हणते.

"कॉफीला तेवढंच हवं, अर्धं काम डोंगराने केलं. उरलं ते दळणाचं. बारीक कर. अकरा हा ताज्या बियांचा आकडा होता. माझा नव्हता." तो कपाला बोट लावतो. "कप गरम केला नाहीस."

"मेल्यावरही चुका काढतोस."

"आता वेळच वेळ आहे."

प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर आमचं अंगण दिसतं. मधोमध विजेचा खांब उभा आहे, तारेविना. खरं तर तिथे खांब नाही. तो आमच्या अंगणात रोवला तरच खालच्या तीन घरांपर्यंत तार जाईल. सात वर्षांपूर्वी अच्युतने नकार दिला. तार आली की जंगल मागे सरकेल, म्हणाला. आता विजेचे लोक पुन्हा संमतीचा कागद ठेवून गेलेत. महिना झाला, मी सही केलेली नाही.

"तू नाही म्हणाला होतास," मी म्हणते.

"हो. तेव्हा खालच्या घरातल्या शांताची पोर कितवीत होती?"

"तिसरीत."

"आणि आता?"

"दहावीत."

तो माझ्या हातातल्या चक्कीकडे बघत राहतो.

जाग येते तेव्हा ऊन गुडघ्यांवर चढलंय. चक्की मुठीत घट्ट धरलेली. कडी आठव्या खुणेवर आहे, तीन खुणा बारीक, आणि माझ्या अंगठ्यावर तिच्या दातांचे खोल वळ. झोपेत मीच फिरवली असणार. दुसरं स्पष्टीकरण मी शोधत नाही.

खालच्या घरातली शांता कास्देकर पायरीवर टोपली उतरवते. टोपलीत यंदाच्या वाळलेल्या कॉफीच्या बिया आहेत. माझ्या कपात डोकावून ती तोंड वाकडं करते.

"हे कडू पाणी कायले पेता, बाई? चहा टाकू?"

"टाक. आधी तो फळीवरचा कागद दे. आणि पेन."

ती कागद ओळखते. हात पुसून, दोन्ही हातांनी आणून देते.

"शांता," मी सही करत म्हणते, "खांब माझ्या अंगणात रोवू देत."