देखरेख वगळून

आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसातून बाहेर पडल्यावर नवऱ्याने स्कूटर सुरू न करताच विचारलं, "टक्के म्हणजे नेमके कशाचे टक्के?"

मॅडमनी खरं तर नीट समजावलं होतं. घराला जो एकूण खर्च येईल त्यावर ठरलेले टक्के, ही त्यांची फी. ती एकरकमी द्यायची नव्हती. थोडी सुरुवातीला, थोडी महापालिकेची मंजुरी आल्यावर, बाकीची काम पुढे सरकेल तशी. सळया आणि कॉलमचा हिशेब करणाऱ्या इंजिनिअरचे पैसे वेगळे. पण घराचा खर्च शेवटी कुठे जाऊन थांबेल, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हतं.

"खर्च वाढला की यांची फी वाढणार," नवरा म्हणाला. "मग या खर्च कमी कशाला करतील?"

त्याचं म्हणणं मला पटलं. मी दवाखान्यात नर्स, तो औषधांच्या दुकानात हिशेब बघणारा. देवपूरच्या पुढे, शहराबाहेर, काळ्या मातीतला एक प्लॉट घ्यायलाच आमची निम्मी उमेद खर्ची पडली होती.

पुढच्या भेटीत नवऱ्याने फी कमी करायचा विषय काढला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नकाशे आणि देखरेख मिळून ही फी आहे. देखरेख वगळली तर कमी होईल. पण मग मी साइटवर येणार नाही. ठेकेदार नकाशाप्रमाणे करतोय की नाही, ते तुम्हालाच बघावं लागेल."

"बघू की आम्ही," नवरा म्हणाला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. देखरेख वगळून करार झाला.

ड्यूटी संपली की मी साइटवर जायची. खड्डे खोदले गेले, पाया भरला, कॉलम उभे राहिले. मी पदर सावरत सगळीकडे फिरायची आणि बघायची. काय बघायचं हे मात्र मला माहीत नव्हतं. ओल्या काँक्रीटच्या पोटात काय आहे ते बाहेरून कसं दिसणार? ठेकेदार म्हणायचा, "ताई, निवांत रहा, आपलंच घर समजून करतोय." मी निवांत असल्यासारखं हसायची.

खालच्या मजल्यावरचा स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी आमच्या अपघात विभागात साक्रीकडचा एक गवंडी आला. दुसऱ्या कुणाच्या बांधकामावर गॅलरीच्या खालच्या फळ्या काढल्या आणि गॅलरी त्याच्यासकट खाली आली. त्याची कंबर मोडली होती. मी सलाईन लावत असताना त्याचा भाऊ स्ट्रेचरला धरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, "सळई खाले दबेल व्हती, सिस्टर. सळई खाले दबेल व्हती."

मला त्यातलं काही कळलं नाही. पण गॅलरी एवढा शब्द कळला. आमच्याही घराला गॅलरी होती.

सुट्टी होताच मी तडक साइटवर गेले. सासूबाई, आमच्या अक्का, तिथे पाण्याच्या टाकीजवळ सावलीत आमच्या मुलाला घेऊन बसून होत्या. मी शिडीने वर चढले. सळयांची जाळी सगळीकडे बांधून तयार होती. गॅलरीच्या जागी ती खालच्या फळ्यांना अगदी चिकटून होती. ते बरोबर की चूक, कोण सांगणार? मॅडमना फोन करायचा तर कोणत्या तोंडाने? त्यांची फी आम्हीच कापली होती. शेवटी फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, "मॅडम, भीती वाटते आहे."

बराच वेळ उत्तर आलं नाही. मग फोनच आला. "उद्या काँक्रीट टाकू देऊ नका. मी सकाळी येते. या भेटीचे पैसे लागतील."

"घ्या," मी म्हणाले.

सकाळी मिक्सर लागला होता, मजूर आले होते. मॅडम वर चढल्या, गॅलरीपाशी वाकल्या आणि फळी आणि सळईच्या मधे बोट घालून बघितलं. बोट आत गेलं नाही.

"गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते," त्या मला म्हणाल्या. "तिचा सगळा ताण वरच्या अंगाला येतो. म्हणून सळई वर हवी. तुमच्या मजुरांनी तिच्यावरून चालून ती खाली दाबली आहे."

ठेकेदार भडकला. "आजवर माझी एकही गॅलरी पडली नाही. काम थांबवायचं असेल तर दुसरा माणूस बघा."

नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. ठेकेदार निघून गेला तर अर्धवट घर कोण हातात घेणार? तेवढ्यात अक्का खालूनच ओरडल्या, "भाऊ, ती बाई काय सांगी राहिनी ते आयक ना! मना नातू त्या गॅलरीवर उभा राही!"

ठेकेदाराने थोडा वेळ मोबाइलकडे पाहिलं आणि मग मजुरांना सळई उचलून टेकू लावायला सांगितलं. दुपारपर्यंत मॅडम तिथेच उभ्या होत्या.

निघताना मी त्यांना एका बाजूला घेतलं. "आणि कॉलम? पाया? ते तर झाले सगळे."

"जे झाकलं गेलं ते मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याची खात्री मी देऊ शकत नाही."

त्या एका उत्तराने माझी झोप गेली. फी म्हणजे नुसत्या कागदाचे पैसे, असं आम्ही धरून चाललो होतो. कोणीतरी वेळेवर तिथे उभं राहण्याचे ते पैसे होते. आणि ती वेळ पायाच्या बाबतीत निघून गेली होती.

आम्ही देखरेखीचा करार नव्याने केला. मॅडमनी इंजिनिअरला आणलं. त्याने हातोडीसारखं यंत्र प्रत्येक कॉलमवर टेकवून काँक्रीट किती पक्कं आहे त्याचे आकडे घेतले. मी प्रत्येक वेळी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. स्वयंपाकघराजवळचा एक कॉलम त्याला कच्चा वाटला. त्याच्याभोवती नव्या सळया बांधून तो जाड करून घेतला. पायाबद्दल इंजिनिअर म्हणाला, "खोदून पाहिलेल्या दोन्ही ठिकाणी ठीक दिसतोय." बाकीच्या ठिकाणांचं त्याने काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

घर झालं. वास्तुशांतीला साक्रीहून सगळे नातेवाईक आले. जेवणाची पंगत वरच्या मोठ्या खोलीत ठरली होती. माणसं जिना चढायला लागली तशी मी डोकी मोजू लागले, आणि कोणी न पाहिलेला पाया आठवला. मी नवऱ्याला गाठलं. "अहो, पंगत अंगणात घेऊ या."

"ऊन आहे खाली."

"मांडव टाकू."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग पत्रावळींचा गठ्ठा उचलला आणि जिन्यावरच्या माणसांना हसत म्हणाला, "चला चला, खाली वारा छान आहे."

वारा अजिबात नव्हता. सगळे घामाघूम होऊन जेवले, आणि माझ्याशिवाय आणि त्याच्याशिवाय कोणालाच त्याचं कारण कळलं नाही.