अमावास्येला नदी परत येते

अमावास्येच्या तोंडावर कुणी प्रवासाला निघतं का, असं आई म्हणाली. एवढं ऐकल्यावर घरी बसणं मला शक्यच नव्हतं.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि पुढे दिवेआगरच्या अलीकडचं एक गाव. पेट्रोल माणगावातच भरा. म्हसळ्यानंतर वळणं इतकी आहेत की पोटात काही न टाकलेलंच बरं. वसुधाताई आणि मधुभाऊ या जोडप्याच्या वाडीत तीन खोल्या आहेत, जेवणासह माणशी बाराशे. वादळात यांची सगळी वाडी आडवी झाली होती. त्यानंतर लावलेल्या सुपाऱ्या आता कुठे डोक्यावर गेल्यात.

"यंदा पहिल्यांदा धरतील हो," ताई एकेका खोडाला हात लावत म्हणाल्या. दोघांचं सगळं लक्ष त्या झाडांवर.

संध्याकाळी वाडीमागच्या नदीत फिरून आले. नदी कसली, कोरडी वाळू. मागच्या वर्षी पावसाने लवकर पाठ फिरवली, त्याचा हा हिशेब.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. या गावात अमावास्या-पौर्णिमेला वाड्यांचं शिंपणं बंद असतं. रहाटाला बैल जुंपायचे तेव्हापासूनची चाल आहे. सगळे पंप गप्प होते. भर दुपारी मी मधुभाऊंबरोबर पुन्हा नदीत उतरले आणि जागीच थांबले. आकाशात ढग नाही, वरून थेंब वाहत आलेला नाही, आणि वाळू खालून ओली होत होती. माझी पावलं उमटायची आणि मागे पाण्याने भरायची. त्या उन्हात माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"घाबरू नका," भाऊ म्हणाले. "पावसानंतर आमची जमीन नदीला पाणी पुरवते. उन्हाळ्यात आम्ही पंप लावतो, तेव्हा विहिरी तेच पाणी नदीतून मागे ओढतात. आज शिंपणं थांबलंय, म्हणून नदी भरतेय."

"आणि ओढतच राहिलं तर?"

"नदी संपली की मग खाडीचं पाणी येतं. आज उधाण आहे, खाली खाडी पार खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला लागली असेल."

आम्ही बोलत असतानाच पायाखालची वाळू चुरचुरायला लागली. भरलेली पावलं एकेक करून रिकामी होत होती. भाऊंचा चेहरा उतरला. ते वाडीकडे पळत सुटले, मी मागे.

पंप त्यांच्याच विहिरीवर चालू होता.

"अहो, शिंपतेय कुठे मी?" ताई म्हणाल्या. "लाइट आली म्हणून पाहुण्यांच्या टाक्या भरतेय. संध्याकाळी दोन खोल्या येणार आहेत."

चाल त्यांनी अगदी मनापासून पाळली होती. सुपारीला एक थेंब घातला नव्हता. भाऊंनी बटण बंद केलं, बादली विहिरीत सोडली, ओंजळभर पाणी चाखलं आणि ओंजळ माझ्यापुढे केली. पाणी मचूळ लागलं.

रात्रीच्या जेवणाला बिरडं होतं, पण त्या मचूळ पाण्यात वाल काही केल्या शिजेनात. ताई चुलीसमोरून उठल्याच नाहीत.

"पाऊस आला की विहीर गोडी होईल," मी म्हटलं.

"येईल तेव्हा येईल. उद्या झाडांना काय पाजू?"

मला रडू आलं, पण ते त्यांच्यासमोर शोभलं नसतं.

पुण्याला आल्यापासून मैत्रिणी विचारतात, जावं का? जरूर जा. पण तिथे अंघोळीला बादलीभर पाणी मिळालं तर दुसरी मागू नका. मला आता घरचा शॉवरसुद्धा नकोसा वाटतो.

काल फोन केला. खोल्या बंद ठेवल्यात. शेजाऱ्यांची विहीर अजून गोडी आहे, तिथून कळशीने पाणी आणून झाडं जगवताहेत.

"नदीत मात्र पाणी दिसतंय," ताई म्हणाल्या.

"मग चांगलंच की!"

"चिंबोऱ्या फिरतात त्यात, खाडीतले खेकडे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज सकाळी एक सुपारीच्या आळ्यात येऊन बसली होती."